साधी गाडी आणि वेगवान गाडी

एखाद्या वाहनाचें साधें रूप लोकांच्या पसंतीस उतरावें, आणि मग त्याच नांवाचें अधिक बलवान, अधिक वेगवान व अर्थातच अधिक महाग असें दुसरें रूप बाजारांत यावें. असें झालें म्हणजे पहिल्या साध्या रूपाची मातबरी कमी होते काय, हा प्रश्न आज मीं विचारासाठीं घेतला आहे. प्रश्न वरवर पाहतां हौशी तरुणांचा व दुकानदारांचा आहे. एका निवृत्त शिक्षकानें त्यांत कशाला पडावें, असें कोणी म्हणेल. परंतु सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत मुलगा कॉलेजांत जाऊं लागला कीं घरांत पहिला वाद निघतो तो फटफटीचा. बाप म्हणतो ‘दीडशेंची घे’, मुलगा म्हणतो ‘दोनशें वीसचीच घेईन, नाहीं तर चालत जाईन’. या दोन आंकड्यांमधलें अंतर बहुधा कर्जानें भरून निघतें; ऊस कारखान्याच्या वजनकांट्यावर चढण्यापूर्वींच त्याचे पैसे खर्ची पडलेले असतात. आणि पुष्कळदां मुलाचें म्हणणें इतकेंच असतें कीं, मोठी गाडी निघाल्यावर लहान गाडींत आतां कांहीं राहिलें नाहीं. हें म्हणणें खरें कीं खोटें, हें पाहणें म्हणूनच संसारी माणसाच्याहि हिताचें आहे.

या शंकेचा खरा उगम क्रीडा-मोटारींच्या जगांत आहे. क्रीडा-मोटार म्हणजे माणसें व सामान नेण्यापेक्षां चालविण्याच्या आनंदासाठीं घेतलेली मोटार. कारखानदार प्रथम तिचें एक रूप काढतो. तें लोकांना आवडलें म्हणजे दोन-चार वर्षांनीं त्याच सांगाड्यांत अधिक शक्तीचें इंजिन बसवितो, स्प्रिंगा ताठ करतो, टायर रुंद करतो, ब्रेक मोठे करतो, आणि नांवापुढें एखादें अक्षर जोडून दुप्पट ऐटीनें ती गाडी पुढें आणतो. मग रसिक मंडळी म्हणूं लागतात कीं, आतां पहिली गाडी ज्याला दुसरी परवडत नाहीं त्याचीच. काल जी गाडी स्वप्नांत येत होती, ती आज तडजोड ठरते. गाडीचा एक खिळाहि बदललेला नसतो. बदललेली असते ती पाहणाऱ्याची दृष्टि.

आतां इतिहास काय सांगतो तें पाहूं. जर्मनींतील पोर्शे कंपनीनें आपली ९११ ही मोटार १९६३ सालीं फ्रँकफुर्टच्या प्रदर्शनांत प्रथम लोकांपुढें मांडली. तिचें इंजिन दोन लिटरचें व १३० अश्वशक्तीचें होतें. १९६६ सालीं त्याच गाडीचें १६० अश्वशक्तीचें ‘एस’ हें रूप निघालें. आपल्या शंकेप्रमाणें येथून मूळ गाडीला उतरती कळा लागावयास हवी होती. घडलें तें निराळेंच. पुढच्याच वर्षीं कंपनीनें ११० अश्वशक्तीचें, म्हणजे मूळ गाडीहूनहि साधें असें ‘टी’ रूप काढलें, आणि त्यालाहि गिऱ्हाईक मिळालें. १९७२ सालीं शर्यतीच्या नियमांत बसण्यासाठीं २१० अश्वशक्तीची ‘कॅरेरा आर. एस.’ ही गाडी तयार झाली. पांचशें गाड्या खपल्या म्हणजे पुरे, असा हिशेब होता. प्रत्यक्षांत १५८० बांधाव्या लागल्या. इतकी कीर्ति मिळविणारी भावंडें पाठीशीं असूनहि साधी ९११ बंद पडली नाहीं. ती आजतागायत निघते आहे. आणि २०१७ सालीं तर ‘टी’ हें जुनें साधेपणाचें अक्षर कंपनीनें मुद्दाम पुन्हां वर काढलें.

दुसरें उदाहरण फोक्सवागेन कंपनीच्या गोल्फ गाडीचें. ही क्रीडा-मोटार नव्हे, घरगुती मोटार. ती १९७४ सालीं निघाली. दोन वर्षांनीं तिचें ‘जी. टी. आय.’ हें वेगवान रूप आलें. पांच हजार गाड्या खपतील असा कंपनीचा अंदाज होता. परंतु त्या पहिल्या पिढीच्याच सुमारें चार लक्ष साठ हजार वेगवान गाड्या खपल्या. एवढा मोठा आंकडा ऐकून वाटेल कीं साधी गोल्फ मागें पडली असेल. परंतु त्याच पिढीच्या एकंदर गोल्फ गाड्या साठ लक्षांहून अधिक झाल्या. म्हणजे वेगवान गाडी कितीहि गाजली तरी दर बारा-पंधरा गाड्यांत ती एखादीच. बाकीच्या साऱ्या साध्या. वेगवान भावंडानें घराण्याचें नांव केलें, आणि त्या नांवाचा उजेड साध्या गाडीवरहि पडला.

परदेशचे दाखले परदेशांत ठीक, आपल्याकडे काय, असें आपण विचाराल. आपल्याकडे क्रीडा-मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. आपला अनुभव आहे तो दुचाकीचा. आणि या बाबतींत साताऱ्याचा अधिकार मोठा आहे. बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीनें १९७५ सालीं ‘महाराष्ट्र स्कूटर्स’ ही कंपनी स्थापन झाली, आणि साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतींत ‘प्रिया’ स्कूटर तयार होऊं लागली. तत्पूर्वींच, १९७२ सालीं, बजाजची ‘चेतक’ निघाली होती. राणा प्रतापांच्या घोड्याचें नांव तिला दिलेलें. तिचा रुबाब अधिक मानला जाई. प्रिया ही त्याच घराण्यांतील साधी मुलगी. तरीहि या साध्या स्कूटरीवर शिक्षकांचे, कारकुनांचे व लहान व्यापाऱ्यांचे कित्येक संसार चालले. पुढें एक मूल उभें, मागें पत्नी, तिच्या मांडीवर धाकटें मूल आणि पायांपाशीं भाजीची पिशवी, हें चित्र आपल्यापैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल.

तथापि प्रामाणिकपणें बोलावयाचें तर हा पुरावा अर्धाच आहे. त्या काळीं स्कूटर हवी असेल तर नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे. जेथें निवडीलाच वाव नाहीं, तेथें पसंतीची परीक्षा होत नाहीं. उपाशी माणूस भाकरी गोड आहे कीं ज्वारी जुनी आहे हें पाहत नाहीं. प्रियेच्या गोष्टींतील शिकण्यासारखा भाग आहे तो तिच्या शेवटाचा. प्रिया व चेतक या दोघींनाहि कोणा अधिक वेगवान स्कूटरनें हटविलें नाहीं. १९८४ सालीं पुण्याच्या फिरोदियांच्या कारखान्यानें जपानी कंपनीच्या सहकार्यानें गिअर नसलेली ‘कायनेटिक होंडा’ काढली. १९८५ सालीं थोड्या पेट्रोलांत पुष्कळ धांवणारी ‘हिरो होंडा’ आली. आणि २००१ सालीं ‘ॲक्टिव्हा’ आली. घरांतील स्त्रियांना व वडील माणसांना गिअर नको होते, आणि रोज वीस मैल जाणाऱ्याला पेट्रोल कमी हवें होतें. गरजच बदलली. साताऱ्याच्या कारखान्यांत गिअरच्या स्कूटरी तयार होणें २००६ सालीं थांबलें. चेतकहि त्याच सुमारास गेली. रुबाबदार आणि साधी, दोघी एकाच लाटेंत गेल्या. एकीनें दुसरीला बुडविलें नाहीं.

याहून बोलका दाखला ‘राजदूत’ फटफटीचा आहे. एस्कॉर्ट्स कंपनीची साधी राजदूत १७३ घनसेंटिमीटर इंजिनाची. फट्-फट् आवाज करीत, निळा धूर सोडीत, दोन्ही बाजूंस दुधाच्या किटल्या लटकावून कृष्णाकांठच्या व माणदेशच्या रस्त्यांवर ती पहांटेपासून धांवे. दूधवाल्याची गाडी हीच तिची ओळख. १९८३ सालीं त्याच नांवाखालीं ‘राजदूत ३५०’ निघाली. ती जपानच्या यामाहा कंपनीच्या शर्यतप्रिय फटफटीवरून घेतलेली होती. दोन सिलिंडरें, ३४७ घनसेंटिमीटर इंजिन, तीस अश्वशक्तीच्या घरांतील जोर. नांवाखेरीज दोघींत फारसें साम्य नव्हतें हें खरें. पण नांव एक असल्यामुळें तुलना अटळ होती. परिणाम काय झाला? तरुण मंडळी मोठ्या राजदूतकडे टकमक पाहत राहिली, आणि पैसे मोजून घरीं नेली ती बहुधा दुसरीच गाडी. किंमत जास्त, पेट्रोलची भूक जास्त, सुटे भाग महाग. दशक संपतां संपतां ती बंद पडली. साधी राजदूत मात्र तिच्यानंतरहि कित्येक वर्षें किटल्या वाहत राहिली. येथें वेगवान गाडीनें साध्या गाडीचें कांहींच हिरावून घेतलें नाहीं. उलट साधीच टिकली, आणि वेगवान गाडी आठवणींत गेली.

आतां खऱ्या परीक्षेकडे येऊं, कारण ती मोकळ्या बाजारांत झाली आहे. २००१ सालीं बजाजनें ‘पल्सर’ काढली ती एकदम दोन रूपांत: दीडशेंची व एकशें ऐंशींची. म्हणजे साधी व वेगवान या जुळ्या बहिणी म्हणूनच जन्मल्या. २००७ सालीं दोनशें वीसची आली. तिची शक्ति वीस अश्वशक्तीच्या घरांत, तर दीडशेंची चौदाच्या घरांत. या वेळीं बाजारांत कशाचीच टंचाई नव्हती. पैसे टाकले कीं गाडी दारांत. शंका खरी असती तर दीडशेंची पल्सर दोन-तीन वर्षांत दुकानांतून नाहींशी व्हावयास हवी होती. ती नाहींशी झाली नाहीं. उलट पुढेंहि कित्येक वर्षें त्या घराण्याचा भार मुख्यतः तिनेंच वाहिला. मोठीचें कौतुक नाक्यावर झालें, आणि खप धाकटीचा झाला. एवढेंच नव्हे, तर २०१९ सालीं कंपनीनें तिच्याहि खालची एकशें पंचवीसची पल्सर काढली. दोनशें वीसची गाडी २०२२ सालीं बंद झाली, आणि चाहत्यांची ओढ पाहून २०२३ सालीं परत आणावी लागली. यावरून दोन्ही गोष्टी दिसतात: वेगवान गाडीवर लोकांचें प्रेम असतें, आणि साध्या गाडीवर कारखान्याचें पोट असतें.

चेतकच्या पुनर्जन्मांतहि हेंच घडलें. २०२० सालापासून ती विजेवर धांवणारी स्कूटर म्हणून विकली जाऊं लागली. आरंभीं ती ऐटीची व महाग वस्तु होती. पुढें २०२४ सालीं कंपनीला तिचें स्वस्त व साधें रूप काढणें भाग पडलें. ज्या साध्या रूपाची मातबरी संपली असें म्हणतात, तेंच कारखानदार पुन्हां पुन्हां कां काढतो, याचा विचार शंकाकारांनीं अवश्य करावा.

श्रोतेहो, हा नियम यंत्रांपुरताच आहे असेंहि नाहीं. आपल्या माणदेशांत, म्हणजे सातारा जिल्ह्यांतील माण-खटाव व सांगली जिल्ह्यांतील आटपाडी-जत या दुष्काळी टापूंत, खिलार बैलांची जात नांवाजलेली आहे. एकाच रक्ताचे दोन बैल: एक नांगराला जुंपलेला, दुसरा शर्यतीसाठीं राखलेला. शर्यतीच्या बैलाला खुराक वेगळा, निगा वेगळी, आणि किंमत तर अशी कीं ऐकणाऱ्यानें कानाला हात लावावा. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं या शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरांत अटींवर परवानगी दिली, आणि २०२३ च्या मे महिन्यांत घटनापीठानें राज्यांचे कायदे मान्य केले. आतां खरसुंडीच्या यात्रेंत उभें राहून कोणी म्हणेल कीं, शर्यतीच्या बैलामुळें नांगराच्या बैलाला गिऱ्हाईक उरलें नाहीं. पण तें खरें नव्हे. नांगराच्या बैलाची जागा शर्यतीच्या बैलानें घेतली नाहीं. ती ट्रॅक्टरनें घेतली. शर्यती बंद होत्या तेव्हांहि शेतकरी नांगराच्या बैलांकडे परत वळला नाहीं. दोष सख्ख्या भावाला देणें सोपें असतें, कारण तो समोर दिसतो. खरा वारसदार दुसऱ्याच वाटेनें घरांत शिरलेला असतो.

या सर्वांवरून माझा निष्कर्ष असा आहे कीं, साध्या गाडीची मातबरी तिच्या वेगवान भावंडामुळें जात नाहीं. ती दोनच कारणांनीं जाते. एक, ज्या गरजेसाठीं ती जन्मली ती गरजच बदलते. किंवा दुसरें, कारखानदार तिला जाणूनबुजून उणी ठेवूं लागतो.

परंतु शंकाकाराच्या बाजूनेंहि कांहीं बोललें पाहिजे. ‘आकर्षण’ या एका शब्दांत आपण तीन निरनिराळ्या गोष्टी कोंबतों. पहिली हौस, दुसरी उपयोग, तिसरी कालांतरानें मिळणारी प्रतिष्ठा. उपयोगाच्या बाबतींत साधी गाडी हरत नाहीं, हें आपण पाहिलें. हौसेच्या बाबतींत ती थोडी हरते, हें मान्य करावयास हवें. आणि क्रीडा-मोटार ही हौसेचीच वस्तु असल्यामुळें तेथें ही हार अधिक बोंचते. दुधाच्या किटल्या वाहणाऱ्याला शेजाऱ्याची गाडी अधिक वेगवान आहे याचें सुखदुःख नसतें. परंतु ज्यानें केवळ मन रमविण्यासाठीं गाडी घेतली, त्याच्या मनांत ‘हिच्याहून सरस आहे’ हा एवढासा कांटा शिरला कीं रमणें अवघड होतें. म्हणूनच दीडशेंच्या गाडीवर दोनशें वीसचा आंकडा चिकटवून हिंडणारीं मुलें मीं पाहिलीं आहेत. गाडीचा वेग त्यानें तसूभरहि वाढत नाहीं. उणीव गाडींत नसून मनांत आहे, याची ती स्वतः दिलेली कबुली असते.

कालांतरानें मिळणाऱ्या प्रतिष्ठेविषयीं मात्र एक भ्रम आहे, तो उलगडून सांगतों. आज जुन्या गाड्यांचा मेळा भरला म्हणजे तेथें चकाकतात त्या बहुधा वेगवान गाड्या. तीच दशकभरांत बंद पडलेली राजदूत ३५० आज लोक देवासारखी पुसून ठेवतात. तें पाहून नवी पिढी समजते कीं त्या काळीं लोकांना हीच गाडी प्रिय होती. वस्तुस्थिति उलट आहे. साधी गाडी रोज वापरांत राहिली, झिजली, मोडली आणि शेवटीं भंगारांत गेली. वेगवान गाडी थोड्यांनीं घेतली, थोडी वापरली आणि जपून ठेवली. घरांतील जरीचा शालू पन्नास वर्षें टिकतो आणि नेहमींचें लुगडें दोन वर्षांत विरतें. म्हणून कांहीं शालू अधिक नेसला जात होता असें ठरत नाहीं. जें उरलें तेंच आवडतें होतें असें मानणें ही इतिहास वाचण्याची चुकीची रीति होय.

आतां दुसऱ्या कारणाकडे, म्हणजे साधी गाडी मुद्दाम उणी ठेवण्याकडे वळतों; कारण माझ्या दृष्टीनें सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. वेगवान गाडीला अधिक जोराचें इंजिन द्या, रुंद टायर द्या, रंगीत पट्टे द्या, कोणाची हरकत नाहीं. परंतु चांगला ब्रेक ही चैनीची वस्तु नव्हे. ओल्या रस्त्यावर एकदम ब्रेक दाबला म्हणजे चाक जागच्या जागीं आंवळलें जातें, गाडी घसरते आणि माणूस पडतो. चाक असें आंवळूं न देणारी एक योजना आहे, तिला ए. बी. एस. म्हणतात. ती चाकाचा वेग सतत मोजते, आणि चाक आंवळूं लागलें कीं क्षणांत ब्रेक सैल करून पुन्हां धरते. पुष्कळ वर्षें ही योजना महागड्या गाड्यांपुरतीच होती. जणूं साध्या गाडीवर बसणाऱ्याचें डोकें कमी किंमतीचें! शेवटीं सरकारनें नियम केला, आणि १२५ घनसेंटिमीटरांहून मोठ्या प्रत्येक नव्या दुचाकीला एप्रिल २०१९ पासून ही योजना सक्तीची झाली. त्याखालच्या गाड्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय सक्तीची झाली. कारखानदारानें आपण होऊन करावयाची गोष्ट कायद्याला करावी लागली. साध्या गाडीची मातबरी खऱ्या अर्थानें राखावयाची असेल तर ती अशी राखली पाहिजे: वेग कमी चालेल, जपणूक कमी चालणार नाहीं.

आणि वेगाची तरी आपणांस किती गरज आहे? केंद्र सरकारनें २०१८ सालीं चार पदरी महामार्गावर दुचाकीस ताशीं ८० किलोमीटरांची कमाल मर्यादा घातली. दीडशेंची साधी पल्सर ताशीं शंभराच्या पुढें सहज जाते. म्हणजे कायद्याला चालेल त्याहून अधिक वेग साध्या गाडींतच आहे. दोनशें वीसच्या गाडींत जो अधिक आहे, तो वापरण्यासाठीं रस्ता कोणता? साताऱ्याहून यवतेश्वराचा घाट चढून कासच्या पठाराकडे जा, किंवा वाईहून पसरणीचा घाट चढून पांचगणीकडे जा. वळणावळणावर समोरून एस. टी. येते, कडेला पर्यटक उभे असतात, पावसाळ्यांत धुकें दहा हातांवरचें दिसूं देत नाहीं. त्या वाटेवर चालविणाराचें कौशल्य लागतें, संयम लागतो, उत्तम ब्रेक लागतो. इंजिनाची निम्मी शक्ति पडून राहते. साधी गाडी तिच्या पूर्ण ताकदीनें व कौशल्यानें चालविण्यांत जो आनंद आहे, तो प्रचंड गाडी लगाम खेंचून चालविण्यांत नाहीं, असें जाणते लोक सांगतात. पोर्शेनें ‘टी’ हें अक्षर परत आणलें त्याच्या मुळाशींहि हीच समजूत आहे.

मीं जन्मभर वर्गांत मुलें पाहिलीं. धाकटा भाऊ हुशार निघाला म्हणजे थोरल्याकडे लोक निराळ्या नजरेनें पाहूं लागतात. थोरला काल जितका समजूतदार, कष्टाळू व प्रामाणिक होता तितकाच आजहि असतो. पण घरचींच माणसें उठतां-बसतां तुलना करूं लागलीं कीं तो खचतो. पुढें आई-बापांचें म्हातारपण कोणी सांभाळलें याचा हिशेब काढला तर पुष्कळ घरीं तो त्या साध्या थोरल्याच्याच नांवावर निघतो. तुलनेनें माणसाचें जें नुकसान होतें तें वस्तूचें होत नाहीं, कारण वस्तूला मन नाहीं. परंतु वस्तु घेणाऱ्याला मन आहे, आणि त्या मनाचा बाजारांत सौदा होतो. वेगवान गाडीच्या जाहिरातीचा अर्धा हेतु वेगवान गाडी विकणें हा असतो, आणि अर्धा, आपण घेतलेल्या साध्या गाडीविषयीं आपल्याच मनांत असमाधान पेरणें हा असतो. हें ओळखलें कीं त्या जाहिरातीचा अर्धा जोर ओसरतो.

म्हणून गाडी घेऊं पाहणाऱ्या तरुण मित्रांना माझें सांगणें इतकेंच आहे. गाडी घेण्यापूर्वीं कागदावर तीन गोष्टी लिहा: रोज किती मैल जावयाचें आहे, कोणत्या रस्त्यानें जावयाचें आहे, आणि दरमहा हप्ता, पेट्रोल व विमा मिळून किती पैसे घरांतून बाहेर जाणार आहेत. त्या कागदावर वेगवान गाडी बसली तर खुशाल घ्या. हौस हें पाप नाहीं, आणि ज्याच्या कमाईंत ती बसते त्यानें ती पुरवावी. नाहीं बसली तर साधी घ्या, आणि मान ताठ ठेवून चालवा. वडील मंडळींना सांगावयाचें तें असें कीं, ‘तुझी लायकी दीडशेंचीच’ असें म्हणून साधी गाडी मुलाच्या हातीं देऊं नका. शिक्षा म्हणून दिलेली वस्तु कधींच प्रिय होत नाहीं. ती कां पुरेशी आहे हें त्याला समजावून द्या, ब्रेक व टायर उत्तम पाहून द्या, आणि गाडीबरोबरच शिरस्त्राणहि घेऊन द्या.

साध्या गाडीची किंमत शेजारच्या दुकानांत कोणती गाडी उभी आहे यावर ठरत नाहीं. ती आपल्याला कोठें पोंचविते, किती वर्षें पोंचविते आणि सुखरूप घरीं आणते कीं नाहीं, यावर ठरते. साताऱ्याच्या प्रियेनें व दूधवाल्याच्या राजदूतनें हें आपल्या दोन जिल्ह्यांना फार पूर्वींच दाखवून दिलें आहे.